आईकडचं मधलं नाव

मधलं नाव ही काय निवडायची गोष्ट आहे, असंच मिस्त्रींना आयुष्यभर वाटत आलं होतं. आपल्यात पहिल्या नावावरून घरंच्या घरं भांडतात, आडनावाला कोणी हात लावत नाही, आणि मधलं नाव बापाबरोबर आपोआप येतं, चहाबरोबर कप येतो तसं. त्यात कसला आलाय विचार! पण जावई पडला दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या रीतीभातीचा, आणि त्याच्या घरी सगळं नेमकं उलटं. तिकडे पहिलं नाव आईबापांनी आवडेल ते ठेवावं, कोणी विचारायलाही जात नाही. सगळा खल मधल्या नावावर. तिथे बापाचं नाव लावायचं नाही, घराण्यातल्या कोणाचं तरी लावायचं. आणि पहिलं अपत्य असलं की ते नाव द्यायचा मान आईकडच्या माणसांचा.

हे मिस्त्रींना कळलं ते नात जन्मली त्याच दुपारी, हॉस्पिटलच्या जिन्यात. जावई औषधांची चिठ्ठी घेऊन खाली निघाला होता, हे डबा घेऊन वर चालले होते. जावयानं घाईघाईत सांगितलं की मधलं नाव तुमच्याकडून यायचंय, आईनं मुद्दाम निरोप दिलाय, आजी-आजोबांपैकी कोणाचं तरी असतं बहुतेक, तुम्ही मंडळी ठरवा. एवढं बोलून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेलासुद्धा. मिस्त्री मात्र तिथेच कठडा धरून उभे राहिले. मागून येणाऱ्या नर्सनं, काका, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं, तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

आता एवढं उभं राहण्यासारखं त्यात काय होतं, ते कळायला थोडं मागं जायला हवं. मिस्त्री हे लेकीचे जन्मदाते नव्हेत. तिचे वडील जमिनीचे नकाशे काढायचे. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि पोरगी नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हा ते गेले. तिची आई एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत कपडे आखूड करून द्यायचं, चेन बदलायचं काम करायची, आणि त्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल मिस्त्रींकडे होती. मिस्त्रींचं लग्नाचं वय उलटून गेलेलं. कोणीतरी मध्ये पडलं आणि जमवून टाकलं. प्रेमबिम काही नाही. तिला पोरीसकट आसरा हवा होता आणि ह्यांना घरी परतल्यावर दिवा लागलेला हवा होता. निदान मिस्त्री तरी तसंच समजत आले होते, आणि बायकोनं त्यांचा तो समज कधी खोटा पाडला नाही. ती मुळात बोलायचीच कमी. तोंडात दोन टाचण्या धरून काम करणाऱ्या बाईला गप्प राहायची सवयच लागते म्हणा.

पोरगी पहिल्या दिवशी ह्यांना काका म्हणाली आणि ते काकाच राहिलं. मग शाळेत नाव घालायची वेळ आली. तिच्या वडिलांचे वडील, म्हातारे गृहस्थ, आदल्या दिवशी घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाणीही घेईनात. म्हणाले, माझा मुलगा आता हिच्या नावापुरताच उरलाय. मिस्त्री चटकन म्हणून गेले, लावा की, त्यात काय, बापाचंच लावायचं असतं. म्हातारे रडले. सगळ्या इमारतीत बोभाटा झाला की मिस्त्री म्हणजे देवमाणूस. आणि देवमाणूस होण्यातली गोम अशी आहे की एकदा तो शिक्का बसला की माणसाला काही म्हणता काही मागता येत नाही.

मागायचं तरी कोणाजवळ? दरवर्षी बक्षीस समारंभाला लेकीचं पूर्ण नाव पुकारलं जायचं, मधे नकाशेवाल्याचं नाव, आणि मागच्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारे हे. सायकल ह्यांनी शिकवली, दहावीला पहाटे उठून चहा ह्यांनी करून दिला, तिच्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी लिफ्ट बरोबर चालते की नाही हे परस्पर जाऊन ह्यांनी पाहून घेतलं. नाव त्याचं. लग्नानंतरही लेकीनं नाव बदललं नाही. मिस्त्रींचा त्या माणसावर राग नव्हता हो. पण मेलेल्या माणसाशी बरोबरी करणं फार वाईट. तो चुकत नाही, म्हातारा होत नाही, घोरत नाही.

तर अशा माणसाला जिन्यात कोणी म्हणतं की आजोबांचं नाव द्या, तुमचा मान आहे. मिस्त्रींनी गुडघ्याला बाशिंग बांधलं नसतं तरच नवल. त्यांनी कोणाजवळ तोंड उघडलं नाही, पण लपणार किती? सलूनमध्ये जाऊन आले. लेकीच्या घरासाठी बाळाचा पाळणा टांगायला कडी हवी होती, तर असली कडी ठोकून आले की तिला उद्या लिफ्ट टांगावी.

कामावर तर वेगळीच तऱ्हा. लिफ्टच्या कामाची एक शिस्त असते. शाफ्टमध्ये उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि आपल्या नावाची पट्टी अडकवायची, म्हणजे दुसरा कोणी चुकून वीज चालू करणार नाही. स्वतःचं नाव लिहिलेलं मिस्त्रींना रोज दिसायचं ते तेवढ्या एका ठिकाणी. त्या आठवड्यात पट्टी अडकवून ते केबिनच्या टपावर चढले, खाली-वर कोणी नाही असं पाहिलं, आणि नातीचं सबंध नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिलं नाव तिचं, मधे आपलं, शेवटी जावयाचं आडनाव. परक्या भाषेतलं आडनाव आणि आपलं जुनाट नाव शेजारी शेजारी बसतात का, हे त्यांना ऐकायचं होतं. बसत होती. जरा ओढून-ताणून, पण बसत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेव्हा वर मशीनच्या खोलीत तेल घालत असलेला त्यांचा जोडीदार खाली वाकून म्हणाला की मिस्त्री, हाक मारून लिफ्ट येत नसते.

जोडीदार बेरकी. त्यानं डबा खाता खाता सगळं काढून घेतलंच. मग दिवसभर चिडवून चिडवून त्यानं जीव नकोसा केला. म्हणाला, नातीनं डोळे नीट उघडायच्या आधीच नाव काढलं म्हणायचं तुमचं. मिस्त्री म्हणाले, अजून ठरलेलं नाही. पण चेहरा असा की सगळं ठरून पेढे वाटून झालेत.

बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ती "तुमचं कशाला?" असं विचारेल, ह्याची त्यांना भीती होती.

रविवारी विहीणबाई आल्या. जन्मभर दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम केलेली बाई. उंच, नीटनेटकी, समोरच्याशी बोलताना डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची, त्यामुळे मिस्त्री त्यांच्यासमोर हसताना जपून हसत. इतक्या वर्षांत त्यांना आपली भाषा बरीच कळायला लागली होती, बोलता मात्र तुकड्या-तुकड्यांनी यायची. अडलं की त्या लेकीकडे किंवा जावयाकडे वळत आणि मग ते पुढचं सांगत. लेकीच्या बसायच्या खोलीत सगळे जमले. खुर्च्यांच्या पाठींवर लंगोट वाळत होते, बाळ मधल्या दिवाणावर दोन उशांच्या मध्ये झोपलं होतं, आणि मिस्त्रींची बायको खाली सतरंजीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. जावयानं वही-पेन आणून ठेवलं होतं, कारण नाव दोन दिवसांत कळवा म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी तगादा लावला होता.

चहा झाला. विहीणबाईंनी फार अदबीनं सुरुवात केली. मान तुमचा आहे, म्हणाल्या, आम्ही मध्ये पडणार नाही. फक्त मनात आलेलं सांगू का? मिस्त्रींनी बिस्किट चहात बुडवलं आणि मानेनंच सांगा म्हटलं. विहीणबाई लेकीकडे वळल्या आणि हळूच, एक-एक शब्द जुळवत म्हणाल्या, "तुझे बाबा. गेलेले बाबा. त्यांचं नाव."

मिस्त्रींचं बिस्किट चहातून वर आलंच नाही. हातात नुसता कोपरा राहिला.

जावयानं मग नीट उलगडून सांगितलं. त्यांच्या घरी मधलं नाव गेलेल्या माणसाचंच देतात. तो माणूस गेला की घरात त्याचं नाव कोणी घेईनासं होतं, म्हणून ते लेकराला देऊन पुन्हा घरात आणायचं, अशी ती रीत. जिवंत माणसाचं नाव कधीच नाही. हे जिन्यात सांगायचं राहिलं का? तर सांगण्यासारखं त्यात काही आहे असं जावयाला वाटलंच नव्हतं. मधे बापाचं नाव लागतं हे आपण तरी कुठे कोणाला समजावून सांगतो? आणि लेकीचे वडील लवकर गेले, त्यांना नात बघायला मिळाली नाही, ह्या विचारानं विहीणबाई आठवडाभर हळहळत होत्या म्हणे. त्यांच्या मनात दुसरं नावच नव्हतं.

मिस्त्रींच्या मनात काय झालं ते सांगायला शब्द कशाला हवेत मोठे. त्याच माणसाकडून ते दुसऱ्यांदा हरले होते, एवढंच. पहिल्या वेळी आपल्या रीतीनं, आता परक्या रीतीनं. दोन्ही रीती एकमेकींच्या उलट, आणि दोन्हींनी मिळून निवडला तोच. आणि सवय अशी वाईट की त्यांच्या जिभेवर शब्द तयारही झाले होते, लावा की, त्यात काय. देवमाणसाचे शब्द. बाहेर पडायचे तेवढे बाकी होते.

तेवढ्यात लेक म्हणाली, मला काकांचं नाव हवंय.

तिनं ते फार साधेपणानं म्हटलं. म्हणाली, मला बाबा आठवत नाहीत. आठवायचा खूप प्रयत्न केला, येतच नाहीत. त्यांचं नाव मी लावतेच आहे, लावत राहीन, पण माझ्या मुलीला मी कोणाची गोष्ट सांगू? मी सांगणार ती काकांची. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. त्या स्वतःच्या भाषेत भराभरा बोलायला लागल्या, लेकीनं ते मिस्त्रींपर्यंत पोचवलं नाही, मान फिरवून बसली. शेवटी जावयानं सांगितलं, जरा ओशाळूनच. त्यांच्यात असं मानतात की एका घरात एका नावाचे दोघं राहू शकत नाहीत. लेकराला जिवंत माणसाचं नाव दिलं की मोठा निघून जातो. विहीणबाईंच्या माहेरी भावानं हट्टानं आजोबांचं नाव दिलं होतं, आणि पोर रांगायला लागायच्या आत आजोबा आटोपले. योगायोग असेल, असं जावई शेवटी म्हणाला, पण आईकडे बघत म्हणाला नाही.

लेक चिडली. हे सगळं थोतांड आहे, म्हणाली, आजोबा नव्वदीचे असतील, ते काय नावानं गेले? जावई म्हणाला, ते मलाही पटतं, पण आईसमोर कसं म्हणू? थोडा वेळ दोघांची हळू आवाजात जुंपली. विहीणबाई बाळाच्या पायांवरचं पांघरूण उगाचच सारखं करत बसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्या भ्यायल्या होत्या, आणि भ्यायल्या होत्या त्या मिस्त्रींसाठीच. हे मिस्त्रींना दिसत होतं. म्हणून तर पंचाईत.

मग लेकीनं भांडण मध्येच सोडलं आणि सरळ त्यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

सगळे बघायला लागले. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"मला हवंय," ते म्हणाले.

आवाज जरा चिरकाच निघाला. म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "मला हवंय माझं नाव. तेव्हा शाळेच्या वेळी लावा म्हणालो, ते म्हाताऱ्यांकडे बघून म्हणालो. मग मला परत कोणी विचारलंच नाही. आज विचारलंत म्हणून सांगतो. माझं लावा. मरायचं तेव्हा मरेन. मी लिफ्टवाला माणूस, मला त्याचं काय कौतुक?"

इतकं सरळ मागणं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, जेवताना मीठसुद्धा ते स्वतः उठून घेत. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, मग ठरलं. जावयानं आईकडे एकदा पाहिलं, पेन उचललं, वही उघडली. विहीणबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मिस्त्रींना एकाच वेळी लाज वाटत होती आणि इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

"त्यांचं नाव लिहायचं नाही."

हे मिस्त्रींची बायको बोलली. ती अजून सतरंजीवरच बसली होती, मांडीवर अर्धवट घडी घातलेलं दुपटं. इतका वेळ ती खोलीत आहे हेही सगळे विसरले होते. मिस्त्री इतके दिवस भीत होते तेच आता येणार. तुमचं कशाला, म्हणून ती विचारणार, आणि तेही विहीणबाईंच्या देखत.

लेकीनं विचारलं की आई, तुला बाबांचंच हवंय का?

"हिच्या बाबांचंच लिहा," ती जावयाला म्हणाली. लेकीला उत्तर द्यायचं तिनं टाळलंच जणू. "त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता त्यांना काही होत नाही." मग तिनं मिस्त्रींकडे न बघता नुसता हात त्यांच्या दिशेनं केला. "ह्यांच्या नावाला हात लावायचा नाही."

लेक थक्क झाली. तिची आई म्हणजे शेजारणीनं बाळाच्या पायात काळा दोरा बांधला तर कात्रीनं कापून टाकणारी बाई. मांजर आडवं गेलं तर मांजराला हटकणारी. लेक म्हणाली, तू कधीपासून हे असलं मानायला लागलीस?

"मानत नाही," ती म्हणाली. "काडीचंही मानत नाही. पण खरं-खोटं बघायचं तर ते ह्यांच्यावर नाही बघायचं. एक जाताना मी बघितलाय, तेव्हा मी उठून कामाला लागले. हे गेले तर मी नाही उठणार."

एवढं बोलून तिनं दुपट्याची घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि पुढचं उचललं. विहीणबाईंना सगळे शब्द कळले नसतील, पण त्या दिवाणावरून उतरून तिच्याशेजारी सतरंजीवर येऊन बसल्या आणि त्यांनीही एक लंगोट घडी घालायला घेतला. त्यांना घडी नीट जमत नव्हती. तिनं ती उलगडली आणि परत घालून दाखवली.

मिस्त्री बसल्या जागी बसून राहिले. दिवा लागलेला हवा म्हणून केलेलं लग्न, असं ते सगळ्यांना हसत सांगायचे, जोडीदाराला तर शंभरदा सांगितलं असेल. ती ऐकत असायची. एकदाही नाही म्हणाली नव्हती. एकदाही हो म्हणाली नव्हती, हे त्यांच्या आता लक्षात आलं. जावई पेन हातात धरून तसाच थांबला होता. आता लिहू काय, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं.

तेव्हा मिस्त्रींनीच त्याला नाव सांगितलं. नकाशेवाल्याचं. एक-एक अक्षर स्वच्छ, त्याला परक्या भाषेच्या माणसाला लिहिताना अडू नये म्हणून सावकाश. तो चुकला तिथे थांबवून दुरुस्त केलं. लेक म्हणाली, काका, खरंच? तर ते म्हणाले, तुझ्या आईनं सांगितलं ना, मग झालं. ह्या वेळी त्यात काय असं ते म्हणाले नाहीत.

मग तोंडावर पाणी मारून येतो म्हणून ते न्हाणीघरात गेले. दाराला कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि बेसिनला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, तेव्हा बायकोनं बसल्या जागेवरून आवाज दिला की अहो, पाणी वाया चाललंय. त्यांनी हो म्हटलं. नळ बंद करायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.